पायावर ढकललेली सूज

रविवार, पाच मे दोन हजार एकोणीस. दुपारी दोन वाजता लातूरच्या एका केंद्रावर वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा पेपर सुरू झाला. जवळपास त्याच वेळी नांदेडच्या एका खासगी रुग्णालयात तारामतीला आठवड्यात दुसऱ्यांदा ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्यात आलं.

लातुरात पेपर देत असलेली गीतांजली ही तिची मुलगी. आईच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ होती, सोमवारी ती काढली, आणि आतड्याची टोकं जिथं जोडली तिथला सांधा आता गळतोय, यातलं काहीच तिला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की आईचा पाय सुजलाय आणि त्यासाठी तिला सलाईन लावलंय.

पाय सुजणं या घराला नवं नव्हतं. तारामती औसा तालुक्यातली. त्र्याण्णवच्या भूकंपात ती नववीत होती. दगडमातीची भिंत डाव्या पायावर कोसळली. उजाडल्यावर लोकांनी तिला ओढून काढलं. शाळेची इमारत पडली होती, आणि ती चालायला लागेपर्यंत तिच्या वर्गातल्या मुली लग्न होऊन गेल्या होत्या. हाड जुळलं, पण आतला जंतू गेला नाही. नडगीवरची जखम अधूनमधून तोंड उघडायची, पू जायचा, पुन्हा मिटायची. लग्न होऊन ती उमरीला आली. नवरा श्रीमंत तिथल्या एका शाळेत कारकून. ती घरी ब्लाउज शिवायची आणि मशीनचं पायडल उजव्या पायानं मारायची.

भूकंपाच्या गावांना एक सवय लागली आहे. शरीरात काहीही बिघडलं की ते भूकंपाच्या नावावर टाकायचं. कंबर धरली, भूकंपाचं. झोप येत नाही, भूकंपाचं. तारामतीचा भाऊ माउली याचं लातुरात झेरॉक्सचं दुकान आहे. तो म्हणायचा, "आमच्याकडं म्हैस आटली तरी लोक म्हणतात, त्या रात्रीचं भ्या हाय तिला." गावानं हे म्हणणं ठीक होतं. पुढं डॉक्टरही तेच म्हणायला लागले.

दीड वर्षापूर्वी तारामतीला थकवा यायला लागला. जिना चढली की धाप लागायची, नखं पांढरी दिसायची. उमरीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बरंच कमी होतं आणि सीआरपी वाढलेला होता. सीआरपी हे रक्तातलं एक प्रथिन, त्याचा आकडा अंगातली सूज सांगतो. शरीरात कुठंही जखम असो, जंतू असो की गाठ असो, यकृत हे प्रथिन रक्तात सोडतं. आग किती आहे ते या आकड्यावरून कळतं. कुठं आहे ते कळत नाही. ते शोधावं लागतं.

डॉक्टरांनी शोधलं नाही, कारण त्यांच्या समोर पाय होता. "हाड सडलेलं असल्यावर आकडा खाली कसा येईल?" ते म्हणाले. जंतूंचं औषध आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. पुन्हा रक्त तपासलं, पुन्हा तोच प्रकार, पुन्हा त्याच गोळ्या. त्या संपूर्ण काळात पायाची जखम एकदाही उघडली नव्हती. हे कुणी विचारलं नाही आणि तारामतीनं सांगितलं नाही. जखम मिटली याचा तिला आनंद होता. त्यात सांगण्यासारखं काय, असं तिला वाटलं.

एप्रिलमध्ये पोटात कळा सुरू झाल्या, खाल्लेलं उलटून पडायला लागलं. नांदेडला दुर्बिणीची तपासणी झाली. आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. सर्जन डॉ. मुज्तबा यांनी जुने रिपोर्ट टेबलावर ओळीनं मांडले आणि नवरा-बायकोला समोर बसवलं.

"हे सगळे आकडे पायाचे समजून राहिले होते तुम्ही?"

"डॉक्टरच म्हणले होते," श्रीमंत म्हणाला.

"पाय कधीपासून कोरडा हाय, बाई?"

"लई दिवस झाले," तारामती म्हणाली. "वर्ष तर झालंच."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "गाठ आत धुमसत होती. रक्तात तिचा धूर दिसत होता. सगळ्यांनी धूर बघितला आणि बोट पायाकडं दाखवलं." मग त्यांनी पुढचं सांगितलं. सूज इतकी असली की अंगातलं जखम भरणारं प्रथिन कमी होतं, आणि ते कमी असलं की आतड्याचे टाके धरायला वेळ लागतो. ऑपरेशननंतरचे पाच-सहा दिवस महत्त्वाचे.

"पेपरनंतर केलं तर?" तारामतीनं विचारलं.

"कुणाचा पेपर?"

"पोरीचा. नीटचा. पाच तारखेला हाय."

"आतडं बंद व्हायला आलंय. ते पाच तारखेची वाट बघत न्हाई."

मग तिनं ऑपरेशनला हो म्हटलं. अट एकच घातली : गीतांजलीला कळू द्यायचं नाही.

ही अट तिची एकटीची नव्हती. लातुरात ही रीत आहे. शिकवणीसाठी दूरदूरच्या तालुक्यांतून मुलं येतात, खोल्या घेऊन राहतात, आणि घरची वाईट बातमी पेपर होईपर्यंत त्यांच्यापर्यंत जाऊ दिली जात नाही. वडील दवाखान्यात असतील तर ते "गावाला गेलेत". आजी वारली असेल तर ती "झोपलीय". मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर रुद्राणी मॅडमना माउलीनं खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्यांना काहीच वावगं वाटलं नाही.

"काळजी करू नका," त्या म्हणाल्या. "मागच्या साली एका मुलीचे आजोबा गेले. दहाव्याला नेली तिला. थेट पेपर देऊन. आता एमबीबीएसला हाय ती."

"आणि ती काय म्हणली?"

"कोण?"

"ती पोरगी. कळल्यावर."

"काय म्हणणार? रडली," रुद्राणी मॅडम म्हणाल्या. "सीट तर मिळाली ना?"

गीतांजलीचं हे दुसरं वर्ष होतं. पहिल्या खेपेला थोडक्यात हुकलं होतं. रोज संध्याकाळी ती आईशी दोन मिनिटं बोलायची. आईचा आवाज ऐकल्याशिवाय ती पुस्तकाला बसत नसे. त्यामुळं खोटं टिकवायचं तर एकच गोष्ट लागणार होती. संध्याकाळी तारामतीला शुद्ध असणं आणि बोलता येणं.

सोमवारी सकाळी ऑपरेशन झालं. गाठ निघाली, टोकं जोडली. ऑपरेशनच्या दिवशी आवाज कसा ऐकवायचा म्हणून माउलीनं तोडगा काढला : वसतिगृहाच्या बाजूचा मोबाइलचा टॉवर बंद आहे असं सांगायचं. रुद्राणी मॅडमनी त्याला दुजोरा दिला आणि मुलींचे मोबाइल त्या संध्याकाळी कपाटात ठेवले. मंगळवारपासून तारामती बोलायला लागली.

ऑपरेशननंतर सीआरपी चढतो, ते अपेक्षितच असतं. दोन दिवस चढतो, मग उतरायला लागतो. तारामतीचा बुधवारी एकशे छप्पन होता. गुरुवारी एकशे एकाहत्तर. शुक्रवारी दुपारी दोनशे बारा.

डॉ. मुज्तबा संध्याकाळी स्वतः आले. तारामतीला थोडा ताप होता, नाडी जलद होती. त्यांनी श्रीमंतला बाहेर न नेता तिच्यासमोरच सांगितलं, "आकडा उतरायला पाहिजे होता, चढून राहिला. सांधा गळत असल्याचा संशय हाय. आत्ता सीटी स्कॅन करू. गळत असलं तर आजच पुन्हा उघडावं लागेल. मग एक-दोन दिवस श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल."

"म्हणजे बोलता येणार न्हाई?" तारामतीनं विचारलं.

"नळी असल्यावर कसं बोलणार?"

तिनं चादरीवरून डावा पाय चाचपला. मग म्हणाली, "हे पायाचं हाय, डॉक्टरसाब."

"पाय कोरडा हाय तुमचा. तुम्हीच सांगितलं."

"कालपासनं दुखून राहिला. लई. आतून."

डॉक्टरांनी चादर बाजूला केली. नडगीवरचा व्रण जुना, चुण्या पडलेला, सुका होता. त्यांनी तो अंगठ्यानं दाबला. तिनं कण्हून पाय मागं घेतला. पोट दाबायला हात नेला, तर तिनं दोन्ही तळवे पोटावर ठेवले. "टाके दुखतात," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "मी तासाभरानं येतो. तोवर ठरवा. उशीर केला तर पोटातली घाण रक्तात जाते."

ते गेल्यावर श्रीमंत स्टुलावर बसला. "खरंच दुखतोय का गं पाय?"

"दुखतोय म्हणलं की."

"डॉक्टर खोटं बोलतील का?"

"एवढे साल सगळे डॉक्टर पायाचंच म्हणत होते. तवा ते खोटं बोलत होते का?"

श्रीमंतनं खिशातून मोबाइल काढला. तो म्हणाला, "गीतूला विचारावं का?"

"काय विचारणार?"

"आकडा सांगू. बाकीचं न्हाई सांगत."

त्यांच्या घरात दोन वर्षांपासून असंच चालत होतं. कुणाला गोळी घ्यायची असली तरी आधी गीतांजलीला फोन जायचा. ती चिडायची, "अजून मी अकरावी-बारावीचंच वाचून राहिले, पप्पा, डॉक्टर न्हाई झाले." पण सांगायची. आणि तिनं सांगितलेलं घरात चालायचं.

श्रीमंतनं फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाइल उशीजवळ ठेवला.

"गीतू, मम्मीचा रिपोर्ट आलाय. सीआरपी दोनशे बारा आलाय."

"दोनशे बारा? पप्पा, सहाच्या आत पाहिजे तो."

"डॉक्टर बी तेच म्हणले. मग?"

"पाय लाल झालाय का?"

श्रीमंतनं तारामतीकडं पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली.

"हाव. लाल हाय."

"हात लावला की गरम लागतो?"

"लागतो."

"पू?"

"थोडा थोडा."

"मग पायाचंच आहे. हाडाचं इन्फेक्शन परत उठलंय. औषध बदलायला सांगा. आणि मम्मी, चिरा देतो म्हणले तर लगेच हो म्हणू नको. आधी दोन दिवस औषधाचा असर बघू द्या."

"न्हाई म्हणत," तारामती म्हणाली. "तू ऑरगॅनिक कर. ते कच्चं हाय तुझं."

"तुला गं काय माहीत ऑरगॅनिक?"

"तूच बोंबलतीस की रोज. कच्चं हाय, कच्चं हाय."

पलीकडून गीतांजली हसली. तिच्या खोलीतली कुणी तरी मुलगी म्हणाली, "काकू, सोमवारी शेवयाची खीर पाहिजे." तारामतीनं हो म्हटलं. फोन बंद झाला.

पाय लाल नव्हता, गरम नव्हता, त्यात पू नव्हता. हे दोघांनाही दिसत होतं. तरी तासाभरानं डॉक्टर आले तेव्हा श्रीमंत उभा राहून म्हणाला, "आमची मुलगी म्हणली, पायाचंच हाय. दोन दिवस औषध बघा म्हणली."

"मुलगी डॉक्टर हाय का?"

"होणार हाय."

"झाल्यावर विचारू तिला." डॉ. मुज्तबा तारामतीकडं वळले. "बाई, तुमचं काय म्हणणं?"

"न्हाई उघडायचं. सीटी बी न्हाई."

नकार लिहून घेतला गेला. डॉक्टरांनी जंतूंचं औषध बदलून अधिक जोराचं लावलं, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट केली. शनिवारी हाडांच्या डॉक्टरांना बोलवा आणि पायाचा एक्स-रे काढा, असं लिहिलं. दाबल्यावर ती कण्हली होती, जुना आजार होता. शंका ठेवायला जागा होती. नंतर त्यांनी आपल्या सहकाऱ्याला सांगितलं, "तिनं पोटाला हात लावू दिला न्हाई आणि पाय मात्र पुढं केला. तिथंच मला कळायला पाहिजे होतं." पण हे नंतर. शुक्रवारी त्यांनीही पायाकडं माणूस पाठवला.

हाडांचे डॉक्टर शनिवारी दुपारी आले. एक्स-रे पाहिला, पाय फिरवून पाहिला. "हा पाय शांत आहे," ते म्हणाले. "याचं काही नाही." त्या दिवशीचा सीआरपी दोनशे अडुसष्ट होता. तारामतीचं पोट फुगलं होतं, ओठ सुकले होते. डॉ. मुज्तबांनी श्रीमंतला व्हरांड्यात नेलं आणि आवाज न चढवता सगळं पुन्हा सांगितलं. श्रीमंत ऑपरेशनच्या संमतीचा कागद घेऊन आत आला.

"तुमी सही केली तर आज संध्याकाळी मी बोलणार न्हाई," तारामती म्हणाली. "मी बोलले न्हाई तर ती रात्रीच गाडी धरून येती. माझी शाळा भूकंपात गेली. तिची माझ्या पोटापायी जाऊ द्यायची न्हाई. उद्या. तिचा पेपर झाल्यावर काय कापायचं ते कापा."

"तोवर तुला काय झालं म्हणजे?"

"एका दिवसात काय होतंय? तिथं ढिगाऱ्याखाली काय झालं मला?"

श्रीमंतनं कागद घडी करून खिशात ठेवला. संध्याकाळी ती दोन मिनिटं बोलली.

रविवारी सकाळीही बोलली. हॉल तिकीट घेतलं का, फोटो घेतला का, कानातलं काढून ठेव. गीतांजलीनं विचारलं, "धाप का लागलीय तुला?" ती म्हणाली, "बाथरूमला जाऊन आले, लंगडत." तो तिचा शेवटचा फोन. त्यानंतर ती नीट बोलली नाही. दुपारकडं रक्तदाब उतरायला लागला आणि ती असंबद्ध बोलायला लागली. मशीनचं पायडल अडकलंय, तेल द्या, असं काहीतरी. रक्ताची पिशवी लावली गेली, थिएटर तयार झालं. डॉ. मुज्तबांनी पेन श्रीमंतच्या हातात दिलं.

"आता कुणाची वाट बघून राहिले?"

श्रीमंतनं माउलीला फोन लावला. माउली लातुरात केंद्राच्या फाटकासमोर उभा होता.

"आत गेली का?"

"रांगेत हाय, दाजी. तपासून राहिले एकेकीला."

"चालू ठेव फोन."

डॉक्टर बघत उभे राहिले. फोनमधून पोलिसाची शिट्टी ऐकू येत होती, कुणाच्या तरी नावाचा पुकारा होत होता. 

"गेली," माउली म्हणाला. "दाजी, गेली आत. गेट लावून राहिले."

श्रीमंतनं सही केली. डॉक्टरांनी त्याच्याकडं न बघता पेन परत घेतलं.

पोट उघडलं तेव्हा सांध्याचा एक कोपरा सुटलेला होता आणि घाण सगळीकडं पसरली होती. धुऊन काढली, आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून ठेवलं. तारामतीला मशीनवर ठेवण्यात आलं.

पाच वाजता गीतांजली बाहेर आली. फिजिक्स अवघड होतं, बायोलॉजी मस्त गेलं, हे तिनं रस्ता ओलांडायच्या आधीच सांगितलं. मग म्हणाली, "मामा, मम्मीला लाव." माउली म्हणाला, "चल, नांदेडलाच जाऊ. समोरच बोल." त्यानं मित्राची गाडी आणली होती. अहमदपूर मागं पडल्यावर त्यानं सगळं सांगितलं. ती ओरडेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं.

तिनं विचारलं, "शुक्रवारी पप्पांचा फोन आला, तेव्हा ऑपरेशनला किती दिवस झाले होते?"

"चार झाले असतील."

 लोहा गाव आल्यावर ती म्हणाली, "मला सर्जरीतलं काही कळत न्हाई, मामा. पण पोट सांगितलं असतं तर मी पाय म्हणले असते का?"

"न्हाई म्हणली असतीस."

"मग माझ्या तोंडून का वदवलं?"

माउलीनं आरशात बघायचं टाळलं. "तुझ्या भल्यासाठीच केलं, बाई."

"माझ्यापुरतं केलं असतं तर चाललं असतं," ती म्हणाली. "तिचं ऑपरेशन माझं नाव सांगून थांबवलं."

अतिदक्षता विभागात एकालाच आत सोडतात. गीतांजली आत गेली, आईच्या तोंडाकडं पाहिलं, मग पायथ्याशी जाऊन चादर वर केली. डाव्या नडगीवर हात ठेवला. कातडी कोरडी होती आणि गार. तिनं चादर नीट केली आणि बाहेर आली. श्रीमंत बाकावरून उठला, "गीतू," म्हणाला. ती त्याच्यासमोरून जाऊन दुसऱ्या टोकाच्या बाकावर बसली.

दोन दिवसांत उमरीहून, औशाहून नातेवाईक आले. व्हरांड्यात तिच्याजवळ बसून प्रत्येकानं आधी आईची चौकशी केली आणि मग हळू आवाजात विचारलं, "पेपर कसा गेला?" रुद्राणी मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या, "बघ, तेव्हा सांगितलं असतं तर तुझ्या हातून काय लिहून झालं असतं? आईनं केलं ते तुझ्यासाठीच." गीतांजलीनं विचारलं, "मागच्या साली जिचे आजोबा गेले, तिचा नंबर आहे का तुमच्याकडं?" मॅडमकडं तो नव्हता.

शिकवणीच्या क्लासेसनी सोमवारीच उत्तरं जाहीर केली. गीतांजलीनं आपली उत्तरं त्यांच्याशी ताडून पाहिलेली नाहीत. वडिलांशी ती बोललेली नाही. काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल अजून प्रयोगशाळेत आहे. कॅन्सर किती पसरला होता हे त्यावरून कळेल.

तारामतीचा सीआरपी सोमवारी तीनशे दहा होता, मंगळवारी तीनशे चार. बुधवारी सकाळी दोनशे एकोणनव्वद आला. श्रीमंतनं तो रिपोर्ट डॉ. मुज्तबांसमोर धरून विचारलं, उतरून राहिलाय ना? डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा उताराचा अर्थ आत्ता लावता येत नाही. पुढचं रक्त गुरुवारी सकाळी काढणार आहेत.